टक्का हाताचा की पोटाचा?

दर वर्षी १ मे रोजी आपल्या धर्मग्रामांत संत योसेफ कामगार यांचा सण साजरा होतो. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी तो सुरू केला. वेदीपुढे करवत, रंधा, थापी, कोयता अशी अवजारे ठेवली जातात आणि श्रमिकांसाठी प्रार्थना होते. प्रथा चांगली आहे. परंतु त्या अवजारांच्या शेजारी दोन बोटे नसलेला हात टेकवून कुणी उभा राहिलेला आम्ही आजवर पाहिला नाही. तो हात मागच्या बाकावर असतो, खिशात दडवलेला. कम्युनियन घेतानासुद्धा तो पुढे येत नाही, डावाच येतो.

आम्हांला लिहायचे आहे ते त्या दडवलेल्या हाताविषयी. त्याची किंमत कोण ठरवतो, कशी ठरवतो आणि ती ठरत असताना आपण काय करीत असतो, याविषयी.

वसईच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात औद्योगिक गाळ्यांची दाटी आहे. त्यांतल्या कितीतरी गाळ्यांत पॉवर प्रेस धडधडत असतात. एका हाताने पत्रा सरकवायचा, पायाने पेडल दाबायचे, की वरचा साचा खाली येतो आणि नग तयार होतो. साच्यापुढे जाळी असेल, किंवा दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज यंत्र हलत नसेल, तर हात सुरक्षित राहतो. पण जाळीमुळे वेग घटतो, नग कमी निघतात. म्हणून जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली असते, आणि एखाद्या पाळीच्या अखेरीस डोळ्यांवर झापड असताना पाय आधी पडतो व हात मागे राहतो.

२०२२ साली आमच्या परिचयातील एका घरातल्या चोवीस वर्षांच्या मुलाचे असेच झाले. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट मुळापासून गेले. पगार महिना १२,००० रुपये. मालकाने इस्पितळाचे बिल भरले, घरी येऊन आईच्या हाती ४०,००० रुपये ठेवले आणि मुलाच्या डाव्या हाताची सही एका कागदावर घेतली. ‘माझी काही तक्रार नाही,’ एवढेच त्यावर होते. आई मालकाच्या पाया पडायला निघाली होती. आम्हीही त्या घरी गेलो, चहा घेतला आणि ‘मालक देवमाणूस दिसतो’ असे म्हणून परतलो. त्या वाक्याची आम्हांस आज लाज वाटते. हिशेब आम्ही नंतर केला.

तो हिशेब वाचकांनीही करावा. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. त्याची रीत अशी: कायमचे व पूर्ण अपंगत्व आले तर मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. चोवीस वर्षांसाठी तो गुणक २१८.४७ आहे. म्हणजे ७,२०० गुणिले २१८.४७, एकूण १५,७२,९८४ रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर या रकमेचा काही टक्का मिळतो, आणि तो टक्का कायद्याला जोडलेल्या तक्त्यात दिलेला असतो. एका हाताची दोन बोटे गेली की २० टक्के. म्हणजे त्या मुलाला अत्यंत कंजूष हिशेबानेही ३,१४,५९७ रुपये मिळायला हवे होते. मिळाले ४०,०००. आणि आम्ही त्या माणसाला देवमाणूस म्हणालो!

पण आमचे भांडण एका मालकाशी नाही. आमचे भांडण त्या टक्क्याशी आहे, आणि तो टक्का ज्या समजुतीने वाचला जातो तिच्याशी.

तक्ता जरा नीट पाहा. अंगठा गेला तर ३० टक्के. संपूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. करंगळीचा हाड न जाता केवळ शेंडा उडाला तर २. तर्जनी आणि मधले बोट वेगवेगळी धरली तर बेरीज २६ होते. पण एकाच हाताची दोन बोटे म्हणून मोजली की २०! घाऊक घेतल्यास सवलत, असा हा बाजार. दंड कापावा लागला तर खांद्याच्या टोकापासून २०.३२ सेंटिमीटरच्या आत खुंट उरला की ८० टक्के, त्याहून लांब उरला की ७०. जुन्या आठ इंचांचे हे सेंटिमीटर दोन दशांश स्थळांपर्यंत काटेकोर आहेत. मात्र बोट उजव्या हाताचे की डाव्या, हा प्रश्न तक्ता विचारत नाही. ‘उजव्या किंवा डाव्या हाताची बोटे’ असे एकच शीर्षक देऊन तो मोकळा होतो. बोट गमावलेला माणूस शिंपी होता, प्रेसवर होता, व्हायोलिन वाजवणारा होता की पहारेकरी, हेही तो विचारत नाही.

हे टक्के नेमके कशाचे आहेत? लोक समजतात, शरीराचे. मालक समजतो, मांसाचे. वास्तविक कायद्याच्या भाषेत ते कमाईच्या क्षमतेचे आहेत. माणसाची कमाई किती उरली, हे मोजण्यासाठी तक्ता आहे. माणूस किती उरला, हे मोजण्यासाठी नाही. कायद्याने पूर्ण अपंगत्वाची व्याख्याही अशीच केली होती: अपघाताच्या वेळी जी जी कामे करण्यास माणूस समर्थ होता, ती सर्व करण्यास तो असमर्थ झाला, तर ते पूर्ण अपंगत्व.

या व्याख्येचा अर्थ १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या प्रकरणात सांगितला. ओरिसातील एका चित्रपटगृहात नक्षीकाम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपरावरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे, तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. त्याच्या हिशेबाने पैसे द्या. न्यायालयाने ते मानले नाही. सुतारकाम एका हाताने होत नाही. सबब या माणसाचे नुकसान शंभर टक्के आहे, आणि भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणे आहे, असा निर्णय झाला. ज्या समाजाचा आश्रयदाता संत स्वतः सुतार होता, त्या समाजाला हा निकाल ठाऊक असू नये, याचे आम्हांला वैषम्य वाटते.

पुढे २०१० साली वाहन अपघाताच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने हा विचार अधिक स्पष्ट केला. एका अवयवाचे अपंगत्व म्हणजे तेवढ्याच टक्क्यांचे सबंध शरीराचे अपंगत्व नव्हे, आणि शरीराचे अपंगत्व म्हणजे तेवढीच कमाईची हानी नव्हे. डावा हात गेला तर वाहनचालकाची रोजी जवळजवळ संपते. कार्यालयातील कारकुनाची नोकरी कदाचित तशीच चालू राहते. म्हणून शरीराला काय झाले ते डॉक्टरांनी सांगावे, आणि रोजीला काय झाले ते न्यायाधिकाऱ्याने ठरवावे.

एवढे सारे असूनही गाळ्यागाळ्यांतून आजही ‘वीस टक्के’ हाच अखेरचा शब्द मानला जातो. तोही द्यायची पाळी आली तरच. १९२३ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली. नाव बदलले, कलमांचे क्रमांक बदलले. तक्ता मात्र तोच, संहितेच्या चौथ्या परिशिष्टात येऊन बसला आहे. यंत्रे बदलली, धंदे बदलले, पण संहितेतही बोटांचा भाव तसाच राहिला.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील, ते आम्ही जाणतो. पहिला आक्षेप असा, की तक्ता निदान निश्चित आहे. प्रत्येक बोटासाठी धंद्याचा, शिक्षणाचा, वयाचा विचार करीत बसले तर गरिबाचा दावा वर्षानुवर्षे रेंगाळेल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तक्ता जाळून टाका, असे आम्ही म्हणत नाही. तक्ता ही जमीन असावी, छत नव्हे. तक्त्यातील रक्कम कामगाराच्या हाती ताबडतोब पडावी आणि त्यापुढील वाद नंतर चालावा. १९२३ च्या कायद्यातही मालकाला मान्य असलेली रक्कम आधी देण्याचे बंधन होते. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड होता.

दुसरा आक्षेप खोट्या दाखल्यांचा. फुगवलेले दाखले मिळतात, हे खरे आहे. २०१० च्या त्याच निकालात न्यायालयाने अशा तयार दाखल्यांविषयी सावधगिरीचा इशारा दिला आहे. पण खोट्या दाखल्याला उत्तर नेमका दाखला हेच आहे. आपल्या धर्मग्रामांत डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांना आमची विनंती आहे की ‘३५ टक्के’ असा आकडा लिहून थांबू नये. रुग्णाला विचारावे, ‘तू काय काम करीत होतास?’ मग लिहावे: मूठ वळत नाही, पाना धरता येत नाही, पाच किलो उचलता येत नाही. कण्याला इजा झाली असेल तर हे अधिकच आवश्यक, कारण कण्यासाठी तक्त्यात ओळच नाही. तेथे सारे डॉक्टरांच्या लेखणीवर अवलंबून असते. आणि बोट जागेवर असूनही कायमचे निकामी झाले असेल तर कायदा ते गेलेच असे मानतो, हेही त्यांनी रुग्णाला सांगावे. हे न कळल्यामुळे ताठ झालेली बोटे घेऊन कितीजण निमूट घरी बसतात!

तिसरा आक्षेप आमच्या अगदी जवळून येतो. ‘छोटा मालक मरेल हो! तोही आपलाच आहे.’ होय, तो आपलाच आहे. मालक आणि कामगार एकाच मिस्साला येतात, कधी एकाच बाकावर बसतात. पण छोट्या मालकासाठीच तर विमा असतो. यंत्राचा विमा उतरवणारा, टेंपोचा उतरवणारा माणूस त्या यंत्रापुढे बसणाऱ्या हाताचा विमा उतरवीत नसेल, तर त्याची अडचण पैशाची नाही, प्राधान्याची आहे.

इस्पितळाचे बिल भरणारा मालक आपल्या मनात स्वतःला चांगला शोमरोनी समजतो; आपणही तसेच समजतो. शुभवर्तमानातील तो दाखला पुन्हा एकदा वाचावा. शोमरोन्याचे त्या जखमी माणसाला काहीही देणे नव्हते. तो केवळ वाटसरू होता, म्हणून त्याचे देणे ही दया ठरली. शिवाय त्याने दोन दीनार देऊन हात झटकले नाहीत. अधिक लागेल ते परतताना भरीन, असे सांगून तो गेला. ज्याच्या गाळ्यात, ज्याच्या यंत्राखाली बोटे गेली, तो वाटसरू नव्हे. त्याने देणे फेडले तर तो प्रामाणिक. अर्धे फेडून कागदावर सही घेतली तर त्याला काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे. त्या सहीला १९२३ च्या कायद्याने किंमतही दिली नव्हती: हक्क सोडून देणारा करार कलम १७ नुसार रद्दबातल होता, आणि आपसांत ठरलेली रक्कम आयुक्तांकडे नोंदवावी लागे. ती अपुरी वाटली तर नोंदणी नाकारण्याचा अधिकार त्यांना होता.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमावरचे आपले परिपत्रक १९८१ च्या मे महिन्यात प्रसिद्ध करण्याचे योजिले होते. १३ मे रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. इस्पितळातून आल्यावर त्यांनी त्यावर अखेरचा हात फिरवला आणि १४ सप्टेंबरला ते बाहेर पडले. त्यात अपंग माणसाच्या कामाच्या हक्काला वेगळे प्रकरण दिलेले आहे. काम माणसासाठी असते, हा त्या पत्राचा गाभा. ज्याचा हात कामात गेला, त्याला हात गेल्यामुळे कामाबाहेर काढणे म्हणजे त्याला दोनदा कापणे होय.

आता आपल्याविषयी. अपघात झाला की आपण मिस्सानंतर वर्गणी काढतो, तांदळाची पिशवी पोचवतो. ते थांबू नये. पण त्या पिशवीबरोबर एक प्रश्नही घरात जावा: ‘दावा दाखल केला का?’ प्रत्येक धर्मग्रामात एक वकील, एक डॉक्टर आणि एक अनुभवी कामगार असे तिघे मिळाले तरी पुरे. सही करण्यापूर्वी कागद त्यांना दाखवावा. विमा योजनेखालचा कामगार असेल तर वैद्यकीय मंडळापुढे जाताना त्यांतला एकजण सोबत असावा. नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज लिहून द्यावा. यासाठी सभागृह लागत नाही, उद्घाटन लागत नाही.

तो मुलगा आता एका इमारतीच्या फाटकावर रात्रपाळीला बसतो. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. नोंदवहीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावे तो डाव्या हाताने लिहितो आणि अक्षर अजून वळलेले नाही. तक्त्याप्रमाणे तो ऐंशी टक्के शाबूत आहे.