आधी कार्बोरेटर उघडा, मग विंटेज म्हणा

आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये हल्ली जुन्या बुलेट पुन्हा दिसायला लागल्यात. कुणाच्या आजोबांची, कुणाच्या काकांची, कुणी जुन्या बाजारातून उचलून आणलेली. टाकीला नवा रंग, मडगार्डला चकचकीत क्रोम, सीटला तपकिरी कव्हर आणि फोटोखाली ठरलेला एक शब्द : 'विंटेज'. कायद्याचं म्हणाल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच विंटेज. त्या मापात आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या बसणार नाहीत. पण माझी कसोटी कायद्याची नाही, साधी आहे. त्या गाडीचा कार्बोरेटर तुम्ही स्वतःच्या हातानं कधी उघडून बघितलाय का?

बहुतेकांचं उत्तर 'नाही' असं येतं. गाडी सकाळी दहा किका मारल्याशिवाय सुरू होत नाही, सिग्नलला स्लोला थांबत नाही, रेस दिली की अडखळते, पेट्रोल पिते. मग कुणीतरी सांगतं, "टाक काढून, नवीन कार्बोरेटर बसव." आणि मूळचा कार्बोरेटर भंगाराच्या डब्यात जातो. माझं म्हणणं असं की हे थांबायला पाहिजे. जुनी गाडी जपणं म्हणजे मुख्यतः तिचा कार्बोरेटर साफ करून, झिजलेले भाग बदलून पुन्हा नीट जुळवणं. रंग त्यानंतर. आणि हे काम आपण आत्ताच शिकून घ्यायला पाहिजे, कारण शिकवणारी माणसं दुकानं बंद करायच्या बेतात आहेत.

आधी वस्तू समजून घेऊ. आमच्या घरची बुलेट ३५० सीसीची आहे, म्हणजे नेमकं सांगायचं तर ३४६. तिच्यावर मिक्कार्बचा व्हीएम २४ कार्बोरेटर आहे. हातात मावेल एवढी वस्तू. तिचं काम एकच : येणाऱ्या हवेत योग्य तेवढं पेट्रोल मिसळणं. एक भाग पेट्रोल जाळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते. कार्बोरेटरच्या गळ्यातून हवा वेगानं जाते, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. वाटीत पेट्रोल किती भरायचं ते फ्लोट ठरवतो. तो वर आला की त्याची सुई तोंड बंद करते, खाली गेला की उघडते.

रेस न देता गाडी चालू राहते ती पायलट जेटवर. थोडी रेस दिली की स्लाइडच्या कापाचा प्रभाव सुरू होतो. पाव ते पाऊण रेस म्हणजे स्लाइडला लटकलेल्या लांब सुईचा मुलूख. आणि पूर्ण रेस दिली की मेन जेट. एवढं डोक्यात बसलं तरी अर्धा आजार आपल्याला कळतो. गाडी स्लोला बंद पडते पण हायवेला मस्त पळते, मग मेन जेट कशाला उघडायचा? पायलट बघा. याउलट बाकी सगळं ठीक, पण चढावर पूर्ण रेस दिल्यावर दम खाते, तर मेन जेट बघा. पेट्रोलच येत नसेल तर त्याच्याही आधी टाकीच्या कॉकमधली जाळी.

आता हा कार्बोरेटर बिघडतो कशानं? चालवल्यानं कमी, उभं राहिल्यानं जास्त. वाटीत राहिलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे पिवळसर, चिकट थर ठेवतं. पायलट जेटचं भोक केसासारखं बारीक असतं, तेच आधी बुजतं. जुन्या टाकीतला गंज गाळून खाली येतो तो वेगळाच.

त्यात आता इथेनॉल आहे. २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत सुरू झालं आणि आज ते देशभर मिळतंय. मी त्याच्या विरोधात नाही. आपला बेळगाव जिल्हा उसाचा, इथल्या कारखान्यांना आणि शेतकऱ्यांना त्यातून पैसा मिळतो. पण आपल्या जुन्या गाड्या या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, हेही खरंच आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या प्रकारचं रबर त्यात फुगतं किंवा कडक होतं. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्याच जेटवर मिश्रण थोडं हलकं पडतं आणि इंजिन जास्त तापतं. उपाय अवघड नाही. ई-२० ला टिकणारे पाइप आणि ओ-रिंग घाला. लांब सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई एक पायरी वर जाईल. गरज पडली तर मेन जेट एक नंबर मोठा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवा. आमच्याकडच्या पावसाळ्यात तर हे हवंच.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले नाही. गेली दोन वर्षं सुट्टी असली की मी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या एका गॅरेजमध्ये जाऊन बसते. तिथले मिस्त्री सत्तरीच्या पुढचे आहेत. मी त्यांना मामा म्हणते. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मामा, जेटमध्ये टाचणी घालून साफ केलं तर चालतं ना?" ते म्हणाले, "बाळ, टाचणी घालणारा मिस्त्री नव्हं. जेट पितळेचा आहे. भोक मोठं झालं की नंबर बदलला, मग वर लिहिलेला आकडा काय चाटायचा आहे?"

त्यांची पद्धत अशी. आधी पेट्रोलचा कॉक बंद. काम उघड्यावर, जवळ विडी नाही, देवघरातली समई नाही. एका पांढऱ्या कापडावर सुटे केलेले भाग ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं मांडायचे. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जायला किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवायचं. जोरात आवळायचा नाही, टोक बसतं. रबरी भाग आणि प्लास्टिक बाजूला ठेवून मगच स्प्रे मारायचा. प्रत्येक वाटेतून हवा मारायची आणि ती दुसऱ्या टोकाला बाहेर येते का ते बघायचं. जेट उजेडाकडे धरून बघायचा. भोक गोल दिसलं पाहिजे. बुजलेलं असेल तर नायलॉनचा गळाचा दोरा किंवा वायरमधली तांब्याची एक बारीक तार, बस्स.

साफसफाई झाली की खरी तपासणी. फ्लोट कानाशी धरून हलवायचा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो फुटलाय. फ्लोटच्या सुईच्या टोकाला गोल चर पडला असेल तर तीच ओव्हरफ्लोचं कारण. स्लाइड एका बाजूनं घासून चमकत असेल तर तिथून हवा शिरते. आणि सगळ्यात जास्त लोक जे बघत नाहीत ते म्हणजे इंजिनाला लागणारं तोंड. नट वर्षानुवर्षं जोर लावून आवळल्यामुळे ते वाकतं, फट पडते आणि गाडी हवा घेते. मामा काचेच्या तुकड्यावर बारीक एमरी पेपर ठेवून ते तोंड हलक्या हातानं घासून सपाट करतात. मग नवी पॅकिंग, आणि दोन्ही नट आलटूनपालटून, थोडे थोडे. हवेचा स्क्रू सुरुवातीला दीड फेरा बाहेर. इंजिन चांगलं तापल्यावर शेवटची जुळणी, आणि चार-पाच किलोमीटर फिरून प्लग काढून बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे कमी. बिस्किटाच्या रंगाचा आला की घरी जा.

आता विरोधातले मुद्दे. ते खोटे नाहीत, म्हणून टाळत नाही.

पहिला मुद्दा : नवीन स्वस्तात मिळतो, मग एवढी खटपट का? बाजारात हुबेहूब दिसणारे कार्बोरेटर मिळतात हे खरं. पण त्यातल्या जेटवर छापलेला आकडा आणि आतलं भोक यांचा मेळ असेलच याची खात्री नसते. स्लाइडचा काप तुमच्या इंजिनाला लागतो तोच असेल असंही नाही. मग नवीन बसवूनही तक्रार तीच, फक्त आता दोष कुठे आहे ते कुणालाच कळत नाही. मूळ कार्बोरेटर त्या इंजिनासाठी जुळवलेला असतो. त्यात झिजतात ते सुई, सीट, पॅकिंग, रिंगा. त्यांचं किट एका पिझ्झ्याच्या किमतीत येतं. बॉडीच फुटली असेल, किंवा स्लाइडचं घर फारच झिजलं असेल, तर जरूर बदला. पण न उघडताच फेकून देणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे : जुन्या गाड्या धूर सोडतात, त्या ठेवायच्याच कशाला? याचं उत्तर 'आठवणी आहेत' असं देऊन चालणार नाही. आठवणीनं कुणाचा खोकला थांबत नाही. पण पीयूसीत जे मोजतात ते इंजिन स्लोला चालू असताना निघणारा कार्बन मोनॉक्साइड, आणि तो बराचसा पायलट जेट आणि हवेचा स्क्रू यांवर अवलंबून असतो. मार्च २००० च्या आधीच्या दुचाकीला ४.५ टक्क्यांची मर्यादा आहे. अर्ध्या फेऱ्याचा फरक गाडीला मर्यादेच्या आत किंवा बाहेर नेऊ शकतो. म्हणजे ज्याला जुनी गाडी रस्त्यावर आणायची आहे, त्याच्यावर कार्बोरेटर नीट ठेवायची जबाबदारी येते. ती जमत नसेल तर गाडी घरात ठेवावी, असंही माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा मुद्दा आपल्या मंडळातलाच : साहित्य मंडळाच्या अंकात जेट आणि पॅकिंग कशाला? यावर मी जरा भांडणार आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. नवीन मुलं स्कॅनर लावायला शिकतात, ते बरोबरच आहे, त्यांचं पोट त्यावर आहे. पण मामांकडे गेल्या काही वर्षांत एकही पोरगा शिकायला टिकला नाही. त्यांच्या मुलाला ती जागा मोबाईलच्या दुकानाला भाड्यानं द्यायची आहे, आणि हिशेबानं बघितलं तर त्याचंही चुकत नाही. दुकान गेलं की काय जाईल? पाने आणि पक्कड भंगारात विकता येतील. पण इंजिन नुसतं ऐकून 'हवा घेतंय' की 'पेट्रोल कमी पडतंय' ते सांगणारा कान विकता येत नाही आणि तो लिहूनही ठेवलेला नाही.

त्या गॅरेजची भाषासुद्धा लिहिलेली नाही. गाडी 'मिसिंग करते', 'कचरा आलाय', 'प्लग काळा पडतोय', 'रेस सोडली की बसते'. एका वाक्यात मराठी, कानडी, हिंदी आणि मोडकं इंग्रजी, आणि तरी अर्थात कुठे फट नाही. आपल्या गावात भाषेवरून किती वर्षं वाद चालू आहे ते मी सांगायला नको. त्या गॅरेजमध्ये मात्र मराठी गिऱ्हाईक, कानडी मिस्त्री आणि घरी कोंकणी बोलणारी मी, एका फ्लोटच्या उंचीवर अर्धा तास चर्चा करतो आणि एकमेकांचं नीट कळतं. आपण मराठी टिकवायच्या गोष्टी करतो तेव्हा बहुतेक वेळा कविता आणि कथांच्या मराठीबद्दल बोलतो. हातानं काम करणाऱ्यांची मराठी आपल्या यादीत नसते.

इंग्लंडमधली रॉयल एन्फिल्ड १९७० च्या सुमारास बंद पडली. बुलेट मात्र १९५५ पासून मद्रासला बनत होती, ती बनतच राहिली. ती रस्त्यावर टिकली ती कारखान्याइतकीच गल्लोगल्लीच्या अशा मिस्त्रींमुळे. त्यांचं नाव कुठल्याच जाहिरातीत येत नाही.

म्हणून मंडळापुढे माझा एक प्रस्ताव आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका शनिवारी आपण एक जुना मिस्त्री कॉलेजमध्ये बोलवू. दोन-तीन जुने कार्बोरेटर, पांढरं कापड, एमरी पेपर, बस्स. ते उघडतील, आपण हात काळे करू. मराठी विभागातले दोघं-तिघं त्यांचा शब्द न् शब्द रेकॉर्ड करतील आणि पुढच्या अंकात त्या शब्दांची यादी अर्थासह छापू. आणि बाहेरून येणाऱ्या कवीला आपण जेवढं मानधन देतो, तेवढंच पाकीट त्यांच्या हातात देऊ. एक रुपयासुद्धा कमी नाही.

ज्यांच्याकडे जुनी बुलेट, येझदी किंवा आरएक्स आहे त्यांनी कार्बोरेटर काढून आणावा. न उघडलेलाच आणा.