मिनिटांचे सुट्टे

३० जून २०११ रोजी चार आणे चलनातून गेले. पण जाण्याआधी रीतसर दवंडी पिटली गेली होती : नाणी बँकेत आणा, पूर्ण किमतीला बदलून न्या. परवा मला असा शोध लागला की, काही मालकांनी मिनिटंसुद्धा चलनातून बाद केली आहेत. फरक एवढाच की, या वेळी दवंडी नाही आणि बदलून देणारी खिडकीही नाही.

शोध लागला तो शेजारच्या चिरंजीवांमुळे. मुलगा आमच्या कोपरगावातच एका खाजगी ठिकाणी नोकरीला आहे. (ठिकाणाचं नाव सांगत नाही, त्याला उद्याही तिथं अंगठा लावायचा आहे.) पगाराची चिठ्ठी घेऊन आला नि म्हणाला, "काका, तुम्ही बी.कॉम. ना? मग हे बघा जरा. महिन्यात एक खाडा नाही, तरी पगार कमी."

माझ्या बी.कॉम.ची इतक्या आदरानं आठवण कुणी काढल्याला बरीच वर्षं झाली होती. मी चष्मा लावला. सौ.नं चहा टाकला.

कामाची वेळ नऊ ते सहा, मधला एक तास जेवणाचा. अंगठ्याचं यंत्र हिशेब करतं पाव तासाचा. पोरगा धाकट्या बहिणीला शाळेत सोडून येतो, तो ९ वाजून ४ मिनिटांनी. यंत्र लिहितं सव्वानऊ. संध्याकाळी सुटतो ६ वाजून १२ मिनिटांनी. यंत्र लिहितं सहा. सकाळी ११ मिनिटं गेली, संध्याकाळी १२, रोजची २३. कामाचे दिवस २६. एकूण ५९८ मिनिटं, म्हणजे दहा तासांना दोन मिनिटं कमी. ती दोन मी राउंड फिगर करून टाकली. म्हटलं, मालकांचीच रीत आहे!

आठ तासांचा दिवस धरला तर हा सव्वा दिवसाचा पगार झाला.

"साहेब म्हणतात, राउंड फिगर केली की हिशेब सोपा जातो," पोरगा म्हणाला.

आता राउंड फिगरशी माझं वैर नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातही उत्पन्न दहाच्या पटीत धरायचे; पण वर पाच किंवा जास्त रुपये असले तर वर, कमी असले तर खाली. प्राप्तिकरवाल्यांना कुणी मऊ काळजाचं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, तरी त्यांचीही राउंड फिगर दोन्ही बाजूंना जायची. अमेरिकेतही पाव तासाची मुभा आहे. पण जवळच्या पाव तासाची, आणि सरासरीत कामगाराला पुरता मोबदला मिळाला पाहिजे या अटीवर. त्या न्यायानं आमच्या पोराचे ९-०४ चे नऊ झाले असते आणि ६-१२ चे सव्वासहा. इथलं यंत्र मात्र एकाच दिशेला घरंगळतं. गोल वस्तू उताराकडे जाते हे खरं. पण उतार कुणीतरी काढलेला असतो!

आणि सोपं कुणाला? सेकंद मोजणाऱ्या यंत्राला मिनिटांची बेरीज अवघड जाते होय?

वेतन देण्याबाबतच्या १९३६ च्या कायद्यानं सांगून ठेवलं होतं की, जेवढी गैरहजेरी तेवढीच कपात. २०१९ च्या वेतन संहितेनंही तेच ठेवलं. चार मिनिटं उशीर झाला, चार मिनिटांचे कापा. पोरगा हूं की चूं करणार नाही. पण उरलेली अकरा मिनिटं तो काय गोदावरीच्या घाटावर बसला होता? तो तुमच्याच खुर्चीत बसून तुमचंच काम करत होता.

"अहो, ही माणसं चहा-तंबाखूत किती वेळ घालवतात!" असं कुणी म्हणेल. कबूल. मी बँकेतला माणूस. 'जेवणाची सुट्टी' ही पाटी किती लवचिक असते ते मला सांगू नका. पण त्याबद्दल त्या माणसाला बोला. जो चहाला उठतच नाही, त्याचीही मिनिटं कापणं हा न्याय कुठला?

आमच्या शाखेत एकदा कॅशमध्ये दहा रुपये कमी आले. तिघं जण पावणेआठपर्यंत शोधत होतो. नोट शिक्क्याच्या पॅडखाली निघाली. दहा रुपयांना एवढा मान, आणि माणसाच्या दहा तासांना 'चालायचंच'? किराणा दुकानदारसुद्धा सुट्टे नसले तर निदान एक गोळी हातावर ठेवतो.

"मिनिटं ती काय!" म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की, जानेवारी १९०६ मध्ये नव्या प्रमाणवेळेनं मुंबईतली घड्याळं ३९ मिनिटं पुढे ढकलली, तेव्हा गिरणी कामगारांनी काम बंद केलं होतं.

मी हिशेब फुलस्केपवर मांडून पोराला दिला. म्हटलं, "साहेबांना दाखव." त्यानं कागदाची चार घडी केली, खिशात ठेवली. "बघतो, काका."

कागद अजून खिशातच असावा. हल्ली तो दहा मिनिटं आधी निघतो. बहीण शाळेच्या बंद फाटकाशी एकटीच उभी असते. तो आठ अठ्ठावन्नला अंगठा लावतो.

यंत्र लिहितं, नऊ.