गोरेपणाच्या डबीपासून घर जपा

लग्नसराई आली की पनवेलमध्ये नाक्यानाक्यावर गोरीपान नवरी फलकावर झळकते. अंगभर दागिने, मागे बंगला. मोबाइल उघडला तरी तीच. तुमच्या घरातली सावळी मुलगी हे रोज पाहते. बोलत नाही, पण आपण कमी आहोत असं मनात धरते. मग गुपचूप गोरेपणाच्या क्रीमची एखादी डबी आणते.

ती डबी कुठली आहे, हे तुम्हाला माहीत हवं.

2023 साली खारघरच्या एका रुग्णालयात मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण आले. कारण निघालं गोरेपणाचं क्रीम. त्याच वर्षी अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडं अशाच क्रीमने बिघडली होती. त्या क्रीममध्ये पारा सापडला.

क्रीममध्ये पारा घालायला कायद्याने बंदी आहे. तरी काहीजण घालतात. पाऱ्याने रंग झटकन उजळतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर बसतो.

म्हणून एवढं करा.

घरातल्या डब्या आजच पाहा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटक, तारीख यातलं एक जरी नसेल, तर वापर थांबवा. पार्लरमध्ये कुणी साध्या डबीत भरून दिलेलं क्रीम घेऊ नका. "आठवड्यात गोरे व्हा" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

असं क्रीम लावून चेहऱ्यावर, पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर डॉक्टरांकडे जा. डबी सोबत न्या. लघवी तपासून घ्या. वेळेत थांबल्यास बरेच जण सावरतात.

फसवी जाहिरात दिसली, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

मुलीसोबत बसून जाहिरात पाहा. तिला विचारा, मालकीण उजळ आणि कामवाली सावळीच का दाखवली? रंग उजळल्यावरच हिला नोकरी का मिळाली? अशा प्रश्नांनी मुलं सावध होतात.

आपलं बोलणंही सुधारा. 1975 साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 2020 साली 'फेअर' गेलं. आपल्या घरांतून मात्र "उन्हात जाऊ नको, काळी होशील" अजून गेलेलं नाही. स्थळ शोधताना "मुलगी गोरी हवी" असं लिहू नका. पाहुण्यांनी रंगावरून टोमणा मारला, तर तिथेच थांबवा. मुलगी ऐकत असते.

रंगाने नव्हे, तर शेतात, मिठागरात, मासळी बाजारात राबून इथली घरं बायकांनी उभी केली. तुमच्या आजीचे कष्ट मुलीला सांगा. आपण कुणाच्या वंशातल्या, हे तिला कळू द्या.

मुलीकडे डबी मागताना रागावू नका. ती लाजेपोटी लपवलेली असते. ओरडलात, तर पुढची डबी तुम्हाला दिसणारही नाही.