रोबोट चढवायचा, पण कोणाच्या हातांनी?



मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. केंद्रस्तरीय विज्ञान प्रदर्शनासाठी माझ्या चौथीतल्या एका मुलीने दोऱ्यावर चढणारं खेळणं केलं होतं. पुठ्ठ्याचं छोटं खोकं, त्यात मोडक्या गाडीतली मोटार आणि मोटारीच्या दांड्यावर रीळ. वर बांधलेला दोरा रिळावर गुंडाळला जायचा आणि खोकं वर सरकायचं. मोटार बंद केली की मात्र सर्रकन खाली यायचं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी ते घरी नेलं, दुकानातून गिअरची मोटार आणून बसवली. खोकं छान चढलं आणि वरच थांबलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी तिला विचारलं, "मोटार बंद केली तरी हे खाली का येत नाही?" ती माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "बाईंना माहिती आहे."

प्रमाणपत्र मिळालं. पण ते कोणाचं, हा प्रश्न मला वर्षभर टोचत राहिला.

मध्यंतरी भाच्याने मोबाईलवर 'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन'चे सामने दाखवले. डीन केमन यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या अमेरिकेतल्या 'फर्स्ट' या संस्थेची ही स्पर्धा. पहिली स्पर्धा 1992 मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. आता जगभरातली हायस्कूलची मुलं त्यात उतरतात, मुंबईच्या मुलांनीही भाग घेतला आहे. दरवर्षी नवा खेळ असतो आणि बऱ्याच वर्षी शेवटच्या सेकंदांत रोबोटने कशावर तरी चढायचं असतं. 2017 ला दोरावर, 2024 ला साखळीवर. मी पाहिला तो 2022 चा खेळ, त्यात आडवे दांडे होते.

त्या दांड्यांवर चढायची यंत्रणा कशी ठरवतात हे समजून घेताना मला माझीच चूक दिसली. ती यंत्रणा म्हणजे एकामागून एक येणारे प्रश्न आहेत. बघा.

पहिला प्रश्न : किती वर जायचं?

दांडे चार. सगळ्यात खालचा जमिनीपासून साधारण 124 सेंटिमीटरवर, सगळ्यात वरचा सुमारे 231 वर. गुण अनुक्रमे 4, 6, 10 आणि 15. रोबोटने स्वतःची उंची किती वाढवायची यालाही मर्यादा, त्यामुळे वरच्या दांड्याला जमिनीवरून हात पोचतच नाही. माकडासारखं एका दांड्यावरून दुसऱ्यावर जावं लागतं. म्हणून आधी ठरवायचं : 15 गुणांच्या मागे लागून मधेच पडायचं, की 6 गुणांचं काम दर वेळी चोख करायचं? हा निर्णय पाना-पक्कड हातात घेण्याआधीचा आहे.

दुसरा प्रश्न : ताकद किती लागेल?

बॅटरी वगैरे धरून रोबोटचं वजन 68 किलो समजू. त्याला 60 सेंटिमीटर उचलायचं तर 68 गुणिले 9.8 गुणिले 0.6, म्हणजे सुमारे 400 ज्यूल ऊर्जा. हे काम 4 सेकंदांत करायचं तर 100 वॅट. आपल्या घरातला जुना पिवळा बल्ब आठवा, तेवढंच! घर्षणात बरीच ताकद वाया जाते म्हणून मोटार त्याच्या दुप्पट-तिप्पट घ्यायची. मग दोर गुंडाळायचं रीळ केवढं? रीळ जाड केलं तर एका फेऱ्यात जास्त दोर येतो, पण मोटारीवर ओढही तेवढीच वाढते. बारीक केलं तर ओढ कमी, वेळ जास्त. विहिरीवरचा रहाट ज्याने ओढलाय त्याला हे पुस्तकाशिवाय कळतं.

तिसरा प्रश्न : वीज गेली तर?

सामना संपला की रोबोटच्या मोटारी बंद होतात, आणि चढाईचे गुण मोजतात त्यानंतर. म्हणजे वीज नसताना लटकून राहता आलं पाहिजे. त्यासाठी कोणी रॅचेट लावतं. सायकलचं पेडल उलटं फिरवताना टक-टक वाजतं ना, तोच खटका : एका बाजूला फिरू देतो, दुसऱ्या बाजूला अडवतो. कोणी ब्रेक लावतं. कोणी आकडाच असा करतं, की एकदा दांड्यावर बसला की रोबोटच्या वजनानेच घट्ट राहतो.

चौथा प्रश्न : लटकल्यावर तोल?

बादलीची कडी मधोमध नसेल तर बादली कलते. रोबोटचंही तसंच. आकडे त्याच्या वजनाच्या मध्यावर हवेत, नाहीतर तो कलंडतो, झुलतो आणि पुढचा दांडा हातातून सुटतो.

आता तिसरा प्रश्न पुन्हा वाचा. मोटार बंद झाली की खाली घसरणं! मोठ्या स्पर्धेतली मुलं ज्या प्रश्नाशी झटतात, त्याच प्रश्नापर्यंत माझी चौथीतली पोर स्वतःच्या पायांनी आली होती. मी तिला उत्तर दिलं नाही, तिच्या हातून प्रश्नच काढून घेतला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : मुलांचं मॉडेल आपण दुरुस्त करायचं नाही. ते पडलं तरी चालेल.

तुम्ही म्हणाल, "बोलायला सोपं आहे. वेळ कुठे आहे? दुसऱ्या शाळेचं मॉडेल चकाचक असतं, आपलं पडलं की पालक विचारतात." खरं आहे. मीही त्याच भीतीने ते खोकं घरी नेलं होतं. आणि मोठ्यांनी हातच लावू नये असंही मी म्हणत नाही. कटर, सोल्डरिंग, गरम ग्लू गन ही आपली जबाबदारी. त्या स्पर्धेतही अभियंते मुलांसोबत काम करतात आणि मोठ्यांनी किती करावं यावर तिथेही वाद होतात. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे : "हे असंच का केलंस?" याचं उत्तर मुलाला देता येत नसेल, तर तो भाग त्याचा नाही. मग तो कितीही सुंदर असो.

रोबोट नसला म्हणून अडत नाही. अटल टिंकरिंग लॅब सहावीपासूनच्या मुलांसाठी, आपल्या प्राथमिकच्या वर्गात ती कुठली असायला! पण एक हँडल, एक बारीक रीळ, एक जाड डबी, दोरा आणि पाण्याची बाटली एवढं पुरतं. एकाच हँडलने आधी रिळावर दोरा गुंडाळून बाटली उचलायची, मग डबीवर. कुठे हात दुखला, कुठे फेरे कमी लागले, हे मुलांनाच वहीत लिहू द्या. मग हँडल सोडायला सांगा. बाटली खाली येईल. आता गप्प बसा. खरा तास इथून सुरू होतो.

यंदा माझ्या वर्गात हेच केलं. हात अक्षरशः पाठीमागे बांधून उभी राहिले. एका मुलाने घरून कपड्यांचा चिमटा आणला आणि दांड्याला लावला. बाटली घसरायची थांबली! पण आता हँडल फिरवायलाच जड जाऊ लागलं आणि बाटली अर्ध्यावर अडकली.

मी विचारलं, "का रे?"

"बाई, चिमट्याला कळत नाही वर जायचंय का खाली. तो दोन्हीकडून धरतो. एकाच बाजूने धरणारा पाहिजे."

रॅचेट हा शब्द त्याला अजून माहीत नाही. मी सांगितलेला नाही. उद्या शाळेत एक जुनी सायकल घेऊन जाणार आहे.