पाच लाखांची सुई

गेल्या महिन्यात असरनंतर आम्ही औरंगपुऱ्यात मुलांच्या वह्या घ्यायला गेलो, तेव्हा ओळखीच्या एक खाला भेटल्या. त्यांचा तरुण मुलगा दीड वर्षापूर्वी बांधकामावरून पडला. घाटीत जीव वाचला, पण कमरेखालचे अंग गेले. आता कोणीतरी 'स्टेम सेल'चे पत्रक हातात दिले आहे. खर्च पाच लाख. "बेटा, दागिने मोडू का? नाहीतर जकातीतून काही जमेल का?"

तिथे उभ्या उभ्या आम्हाला नीट सांगता आले नाही, म्हणून इथे लिहितो.

स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी. रक्ताचा कर्करोग आणि थॅलेसेमियात अस्थिमज्जा बदलतात, तो याच पेशींचा सिद्ध झालेला इलाज. पाठीच्या मज्जारज्जूचे तसे नाही. तिथले तंतू तुटले की आपोआप जुळत नाहीत, वर जखमेचा व्रण आडवा येतो. कमरेतून मज्जा काढून पाठीत टोचली, तर त्या पेशी नवे तंतू विणतात असे सिद्ध झालेले नाही.

प्रयत्न चालू आहेत. जपानच्या केइओ विद्यापीठात २०२१ च्या डिसेंबरात असे प्रत्यारोपण सुरू झाले. एकूण चार रुग्ण, सगळे दुखापतीनंतर काही आठवड्यांतलेच. दोघांत सुधारणा दिसली, दोघांत फारशी नाही. चार माणसांवरून इलाज ठरत नाही. आणि धोकाही खरा आहे: मॉस्कोत २००१ पासून अशा पेशी टोचलेल्या एका इस्रायली मुलाच्या मेंदूत व मणक्यात पुढे त्याच पेशींच्या गाठी सापडल्या.

आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडले, तर असा वापर फक्त मंजूर चाचणीत करता येतो, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा खाला, डॉक्टरांना एकच विचारा: चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? क्रमांक नसेल, किंवा क्रमांक सांगून वर पाच लाखही मागत असतील, तर उठून या.

दागिने असू द्या. जकातीतून काही जमलेच, तर चांगली व्हीलचेअर, हवेची गादी आणि फिजिओथेरपीवाल्याची फी निघेल. दर दोन तासांनी कूस बदला, लघवीच्या नळीची स्वच्छता सांभाळा. अशा रुग्णांचा जीव बहुधा बेडसोर आणि लघवीच्या संसर्गाने जातो, आणि हे दोन्ही घरच्यांच्या हातात बरेचसे आहे.