वळणावरचा बर्फ
कॅनडातील मिसिसागा, ब्रॅम्प्टन येथील सामाईक गृहसंकुलांत, जेथे आता मराठी कुटुंबेही वास्तव्यास आहेत, बर्फ हटविण्याचे काम मक्तेदाराकडे सोपवून व्यवस्थापक मंडळी निश्चिंत होतात. परंतु रस्त्यावरून खरवडलेला तोच बर्फ वळणावर पुरुषभर उंच रचला गेला, म्हणजे त्यामागून येणाऱ्या मोटारीच्या चालकास पलीकडून धावत येणारे मूल दिसतच नाही. दुपारी वितळलेले पाणी रात्री डांबरावर गोठते, आणि उणे १० अंशांखाली साधे मीठही फारसे उपयोगी पडत नाही. तेथे वाळूच हवी. बर्फावर घसरून जखमी झालेल्याने ६० दिवसांत लेखी सूचना द्यावी, असे तेथील ऑन्टॅरिओ प्रांताचा कायदा सांगतो खरा. पण ही तजवीज अपघातानंतरची. ढिगाची जागा करारनाम्यातच मुक्रर व्हावी, असा आग्रह रहिवाशांनी येत्या वार्षिक सभेत धरावा.