दुरून माणसं साजरी

आमच्या शाखेत दर सोमवारी कॅश उघडण्याआधी पक्षी उघडतात. लोन खात्यातले आमचे साहेब रविवारी ऐरोलीच्या खाडीवर जातात आणि सोमवारी मोबाइलवर सगळ्यांना फ्लेमिंगो दाखवतात. फ्लेमिंगोबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यामागून येणाऱ्या वाक्याबद्दल.

"अहो, टेलिफोटो घ्यायची तर लाखाच्या खाली बघूच नये. नाहीतर सरळ मोबाइल वापरावा!"

हे वाक्य साफ खोटं आहे. मी साधा बी.कॉम. माणूस. भिंगातलं मला बेताचंच कळतं, पण घसारा कळतो. नवी लेन्स दुकानाची पायरी उतरेपर्यंत सेकंडहँड होते. चाळीस-पन्नास वर्षांच्या लेन्सचा घसारा मात्र तिच्या आधीच्या मालकांनी सोसून संपवलेला असतो. नीट निवडलेली जुनी लेन्स दोन वर्षं वापरून विकली, तरी बहुधा मुद्दल निघतं. असली ठेव आमच्या बँकेकडंसुद्धा नाही!

"पण जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसते कशी?" हा साहेबांचा दुसरा तोफगोळा. तर ती बसते कारण मिररलेस कॅमेऱ्यातून आरसा गेला. आरशाला हलायला जागा लागायची, म्हणून जुन्या लेन्सा फिल्मपासून चार-साडेचार सेंटिमीटर लांब बसत. माझ्या सोनीत हे अंतर १८ मिलिमीटर आहे. उरलेली जागा भरायला मधे एक नळी लावायची. तिला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. आत काच नाही, वायर नाही, नुसती हवा! कर्जाला जामीनदार असतो तसा: स्वतः काही करत नाही, पण त्याच्यावाचून प्रकरण पुढं सरकत नाही.

या आरशापायीच कॅननच्या जुन्या एफडी लेन्सांची दैना झाली होती. कंपनीनं १९८७ साली नवी ईओएस जात काढली, आणि जुन्या लेन्सा तिला नीट बसेनात. लग्न मोडलेल्या मुलींसारख्या त्या वर्षानुवर्षं कपाटात राहिल्या. २००८ नंतर मिररलेस आले, तेव्हा कुठं त्यांना पुन्हा स्थळं सांगून येऊ लागली.

आता घ्यायची कोणती? इथं माझं मत ठाम आहे: १३५ मिलिमीटर, एफ ३.५. संपलं! त्या काळात घरोघरच्या हौशी माणसांनी पन्नासनंतर हीच घेतली, म्हणून ती आजही मुबलक आहे, म्हणून स्वस्त आहे. लहान सेन्सरवर ती दोनशेचं काम देते. "एफ २.८च हवी" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, फरक किती? एका स्टॉपच्या दोन-तृतीयांशाइतका! आणि वजन व किंमत मात्र लग्नातल्या याद्यांसारखी वाढत जाते. त्या काळचे स्वस्त झूम तर नकोतच. खाली वाकलात की नळी आपणच घसरते. आणि ५०० मिलिमीटरची ती आरशाची लेन्स? तिचं छिद्र एफ ८ला कायमचं अडकलेलं, आणि मागचे दिवे फोटोत मेदूवड्यासारखे उमटतात. मेदूवडे काढायला मला टेलिफोटो लागत नाही.

मी फोर्टातल्या बोराबाजारात गेलो. टाकुमार, १३५, आट्यांची. बरणीचं झाकण फिरवावं तशी बसते. पेंटॅक्स, प्राक्टिका, रशियन झेनिट सगळ्यांच्या आट्या ४२ मिलिमीटरच्या, त्यामुळं एका अ‍ॅडॅप्टरवर सगळं गोत्र भागतं. मी खिशातून टॉर्च काढला तसा दुकानदार दुखावला. दुखावू द्या. पहिल्या दोन लेन्सांत टॉर्चच्या उजेडात कोळिष्टकं दिसली. ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात कोंडलेल्या काचेला ती धरतेच. तिसरीत काच स्वच्छ, छिद्राच्या पात्यांवर तेल नाही, रिंग लोण्यासारखी फिरती. चार हजार दिले. नळीचे नऊशे वेगळे.

घरी येऊन बटण दाबलं, तर कॅमेरा म्हणतो, लेन्सच नाही! पुढं लोंबतेय ती काय दुधी आहे? पण कॅमेराही शेवटी हेड ऑफिसचाच माणूस. कागद दिसल्याशिवाय मानत नाही. मेनूत खोल कुठंतरी "लेन्सशिवाय शटर चालू" अशी परवानगी असते, ती दिल्यावर गाडी चालू झाली. सौ. म्हणाल्या, "अहो, एवढं करून फोटो कुणाचा काढणार? गॅलरीत कावळाच येतो."

मान्य करतो, उडता फ्लेमिंगो हिच्यात सापडत नाही. फोकस हातानं करायचा; मी रिंग फिरवेपर्यंत पक्षी ठाण्याला पोचतो. शटर दोनशेव्या भागाच्या खाली नेलं तर चित्र हलतं. तेवढ्यापुरतं साहेबांचं बरोबर आहे.

पण आमची आई उडत नाही.

ती कॅमेरा समोर दिसला की पदर सारखा करते, हात मांडीवर ठेवते आणि श्वास धरून बसते. तिचे आजवरचे सगळे फोटो पेन्शनच्या कागदांवरचे. ते पाहून हयातीचा दाखला मागावासाच वाटतो. त्या दिवशी ती गॅलरीत मेथी निवडत शेजारच्या काकूंशी बोलत होती. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, सोफ्याआड, जमिनीवर. काकू काय म्हणाल्या कोण जाणे, आई मेथीची जुडी तोंडापुढं धरून हसली. रिंग अर्धा सेकंद आधीच जागेवर आली होती.

आईनं फोटो चष्मा पुसून पाहिला. "अगंबाई, अगदी माझी आईच दिसतेय," म्हणाली, आणि "मला आधी सांगायचंस तरी!" म्हणून रागावली.

सोमवारी मी तो साहेबांपुढं धरला. माझ्याजवळ किमतीचं वाक्य तयार होतं, दोन रात्री घोटलेलं. साहेबांनी फोटो बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला.

"आमच्या आईचा असा एकही नाही हो," ते म्हणाले.

त्या सोमवारी फ्लेमिंगो न पाहताच आम्ही कॅश उघडली.